कमी भांडवलात पहिला गेमिंग कॉम्प्युटर : माल पारखून घ्या, टप्प्याने जोडा

‘गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे’ ही मागणी आता केवळ पुण्या-मुंबईच्या घरांतून होत नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे या वस्त्यांतही दहावी-बारावीची मुले घरच्यांकडे हाच हट्ट धरतात. ज्या घराचा खर्च दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कारागिराच्या मजुरीवर चालतो, तेथे चाळीस-पन्नास हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. कित्येक घरांत ती वर्षभराची शिल्लक असते. म्हणून हा विषय निव्वळ मुलांच्या करमणुकीचा न समजता खरेदी-व्यवहाराचा समजावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखक कापडाच्या धंद्यातला आहे. दुकानात नुसते ‘कॉटन’ म्हटल्याने भाव ठरत नाही. सुताचा काउंट किती, पन्हा किती, वीण दाट की विरळ, हे पाहूनच आपण ताक्याला हात लावतो. कॉम्प्युटरच्या बाजारातही हीच पारख लागते. तयार डबा घेण्याऐवजी सुटे भाग निवडून जोडले तर प्रत्येक भाग आपल्या नजरेखालून जातो, कोठे काय कापले आहे हे कळते, आणि पुढे एखादा भाग बदलणे सोपे जाते. सारांश एवढाच की, पैसा कामाच्या भागात लावावा आणि सगळा एकाच दिवशी लावू नये. हे कसे करावयाचे, ते क्रमाने पाहू.

आधी काम ठरवा

वर्धेच्या माणसाला चरखा नवा नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये, यंत्र हलके असावे, देशात तयार व्हावे, आठ तासांत ठरावीक काउंटचे ठरावीक सूत निघावे, आणि दुरुस्ती करीत वीस वर्षे चालावे. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण मागणी कशी लिहावी याचा तो उत्तम नमुना आहे. त्यात काम, किंमत आणि आयुष्य ही तिन्ही आधी ठरली होती.

आपणही कागद घेऊन चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. एक, कोणते खेळ खेळायचे? ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ हे खेळ विनामूल्य आहेत आणि साध्या मशिनवर चालतात. अलीकडच्या मोठ्या, भारी चित्रांच्या खेळांना मात्र आठ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड लागते. दोन, पडदा कोणता? पहिल्या मशिनला १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा मॉनिटर पुरेसा आहे. तीन, खेळाशिवाय त्यावर दुसरे काय होणार? दुकानाचे खाते, जीएसटीची विवरणपत्रे, भरतकामाचे डिझाइन, लग्नपत्रिका, व्हिडिओ एडिटिंग ही सर्व कामे हेच मशिन करू शकते. चार, ते किती वर्षे चालले पाहिजे?

कोणता भाग काय करतो

प्रोसेसर हा कारखान्याचा मुकादम. हिशोब करणे व हुकूम सोडणे हे त्याचे काम. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सर्व भाग बसतात तो पाट. रॅम म्हणजे कामाचे टेबल, ज्यावर चालू काम पसरलेले असते. एसएसडी म्हणजे गोदाम. एसएमपीएस भिंतीतील वीज प्रत्येक भागाला लागेल तशी करून देतो.

ग्राफिक्स कार्डाचे काम पडद्यावर चित्र उमटवण्याचे. वर सांगितलेल्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि खेळ चालू असताना ते सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. एकटा मुकादम हे करू शकत नाही. ग्राफिक्स कार्डात शेकडो-हजारो साधे कामगार एकाच वेळी तेच काम करतात. विणकर बंधूंना एका गोष्टीचे नवल वाटेल. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डात हिशोबाचे ३२ धागे एकत्र चालतात, आणि या ३२ धाग्यांच्या गटाला कंपनीने ‘वार्प’ म्हणजे ताणा हेच नाव दिले आहे. हा शब्द विणकामातून उचलल्याचे कंपनीच्या कागदपत्रांतच नमूद आहे.

पुष्कळ छोटे भाग एकत्र लावून मोठे काम काढण्याची ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. अमेरिकेने ‘क्रे’ महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे छोटे प्रोसेसर एकत्र कामाला लावले होते. हाती असलेले भाग नीट जुळवले तर काम होते, हा धडा त्यातून घ्यावा.

शेकडा हिशोब

ग्राफिक्स कार्डासह डबा जोडावयाचा असेल तर शंभर रुपयांची वाटणी साधारण अशी ठेवावी : ग्राफिक्स कार्ड ३५, प्रोसेसर १८, मदरबोर्ड १३, रॅम १२, एसएसडी ८, एसएमपीएस ८, कॅबिनेट ६. मॉनिटर, कीबोर्ड, माउस व यूपीएस वेगळे धरावेत.

हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. बाजार हलतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव एकदम चढले आणि आधीची अंदाजपत्रके निकामी झाली. यास्तव कोटेशन खरेदीच्या आठवड्याचेच घ्यावे व निदान तीन दुकानांचे घ्यावे. एखादा भाग महागला तर कॅबिनेटच्या काचा आणि रंगीत दिवे आधी कापावेत. एसएमपीएसला हात लावू नये. दिव्यांनी खेळ वेगाने चालत नाही.

दोन टप्प्यांत खरेदी

लहान भांडवलाच्या घरासाठी हा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे. पहिल्या टप्प्यात असा प्रोसेसर घ्यावा ज्याच्या पोटातच चित्र काढण्याची सोय आहे. एएमडी कंपनीचा २०२१ मध्ये आलेला ‘रायझन ५ ५६००जी’ हा त्याचा ठळक नमुना होय. त्यात सहा कोर आहेत. हलके खेळ तो ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवतो. सोबत दोन रॅम-पट्ट्यांची जोडी, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आणि हवेशीर कॅबिनेट घ्यावे. घरचा अभ्यास, दुकानाचे काम आणि साधे खेळ येथेच सुरू होतात.

रॅम सोळा जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. असा प्रोसेसर चित्रासाठी रॅममधूनच जागा उसनी घेतो. दोन पट्ट्या असल्या की माल ये-जा करण्यास दोन दारे होतात, व खेळात फरक स्पष्ट दिसतो.

सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, हातात रोख जमल्यावर, दुसऱ्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड घालावे. ‘आरएक्स ६६००’ हे आठ जीबीचे कार्ड सुमारे १३२ वॅट वीज घेते. पहिल्या दिवशीच ५५० वॅटचा एसएमपीएस घेतलेला असल्याने पुन्हा खर्च पडत नाही. ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ हे स्वस्त कार्ड मात्र या प्रोसेसरसोबत घेऊ नये. त्याची वाट मुळातच अरुंद, चार पदरी आहे, आणि जुन्या पद्धतीच्या जोडणीत ते आणखी मंदावते.

५६००जी ज्या ‘एएम४’ सॉकेटवर बसतो तो जुना आहे. २०२२ मध्ये ‘एएम५’ आला. त्यावर ‘रायझन ५ ८६००जी’ सारखे प्रोसेसर बसतात. तो मार्ग पुढची अधिक वर्षे खुला राहील, पण त्यासाठी डीडीआर५ रॅम लागते आणि एकूण खर्च वाढतो. दोन्हींचे भाव समोर ठेवून निर्णय करावा.

‘एफ’ अक्षराकडेही लक्ष ठेवावे. ‘कोअर आय३-१२१००एफ’ हा चांगला व किफायतशीर प्रोसेसर आहे, पण ‘एफ’ म्हणजे त्यात चित्राची सोय नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. हा माल टप्प्याने घेणाऱ्याचा नव्हे.

नाव मोठे, माल जुना

बाजारात जाहिरात दिसते : ‘आय५, सोळा जीबी रॅम, एसएसडी, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग पीसी, अगदी स्वस्त.’ शब्द सर्व खरे असतात, पण त्यात पिढी सांगितलेली नसते. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय५ हा २०११ चा माल आहे, तिसरी पिढी २०१२ ची. त्यासोबत येणारे ‘जीटी ७३०’ कार्ड २०१४ चे. चार जीबी लिहिलेले असले तरी त्यात नव्या खेळांचा जोर नाही. कापडावर ‘कॉटन’ लिहिले पण काउंट लपवला, तसाच हा प्रकार. म्हणून प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक व मदरबोर्डचे मॉडेल बिलावर लिहून घ्यावे. दुकानदार लिहून देण्यास कां-कूं करीत असेल तर पायरी उतरावी.

विंडोजचाही विचार करावा. विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच चालतात. ‘व्हॅलोरंट’ तर विंडोज ११ वर ही सोय चालू नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे जुन्या आय५ वर घरच्या मुलाचा हवा तो खेळच अडेल.

जुना माल घेऊच नये असे नाही. प्रोसेसर व रॅम वापराने फारसे झिजत नाहीत. ते चालवून पाहून घेता येतात. ग्राफिक्स कार्डाबाबत जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचे ‘मायनिंग’ करणे थांबले, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. कार्ड घेताना ते अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे. पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का, पंखा खरखरतो का, हे तपासावे. खोटे नाव चढवलेली कार्डेही विकली जातात. ‘जीपीयू-झेड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम चालवून खरे नाव पाहावे. जुना एसएमपीएस मात्र कधीही घेऊ नये.

वीज, ऊन आणि कूलर

एसएमपीएस बिघडला तर तो एकटा जात नाही. मदरबोर्ड व कार्डही घेऊन जाऊ शकतो. म्हणून ओळखीच्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ किंवा वरच्या दर्जाचा व काही वर्षांच्या हमीचा घ्यावा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस गेमिंगसाठी वापरू नये.

घराचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो अर्थिंगचा दोष समजावा. यूपीएस घेताना ‘व्हीए’ आणि वॅट यांतील फरक ओळखावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो.

वर्ध्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांवर चढतो. मशिन भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. कॅबिनेटच्या पुढून हवा आत व मागून बाहेर, अशी वाट मोकळी असावी. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो. त्याच्या ओल्या झोतासमोर मशिन कधीही ठेवू नये. ओल आणि धूळ मिळून आत जो थर बसतो तो भागांना खातो. दर दोन महिन्यांनी, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळी साफ करावी.

जोडणीचा क्रम

१. लाकडी टेबलावर बसावे. हाताळण्यापूर्वी लोखंडी वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

२. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवावा. जोर लावू नये. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या तर नुकसान आपले.

३. रॅमच्या पट्ट्या चार खाचा असतील तर सहसा दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसतात. मदरबोर्डचे पुस्तक पाहावे. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

४. एसएसडी तिच्या खाचेत तिरकी सरकवून स्क्रूने बसवावी.

५. प्रोसेसरच्या पंख्याखाली थर्मल पेस्ट असते. नसेल तर वाटाण्याएवढी लावावी. पंख्याच्या तळाला प्लास्टिकचा कागद असेल तर तो आधी काढावा.

६. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँड योग्य जागी आहेत ना ते पाहून मगच मदरबोर्ड कसावा.

७. एसएमपीएसची २४ पिनांची मोठी वायर व प्रोसेसरची आठ पिनांची वायर जोडावी. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर वेगळी असते. एकीच्या जागी दुसरी दाबून बसवू नये.

८. ग्राफिक्स कार्ड घातल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लावावी, मदरबोर्डला नव्हे. नवे कार्ड घालूनही खेळ मंदच चालतो, त्याचे कारण पुष्कळदा हीच वायर असते.

९. पहिल्यांदा सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा ‘एक्सएमपी’ किंवा ‘डीओसीपी’ चालू करावा, अन्यथा रॅम कमी वेगाने चालते.

जुन्या साठ्यातील मदरबोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही असेही होते. दुकानातच बायोस अद्ययावत करून घ्यावे.

बिल, जीएसटी आणि हप्ते

मुंबईचा लॅमिंग्टन रोड मोठा बाजार आहे, परंतु आपल्याला नागपूरची सीताबर्डी जवळ. भाग नादुरुस्त झाला तर परत कोठे न्यावा लागेल, त्या जाण्या-येण्याचा खर्चही भावात धरावा. प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह पक्के बिल घ्यावे, कारण बिलावाचून हमी नाही. या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. मशिन खरोखर दुकानाच्या कामासाठी असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्यास त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. मुलाच्या खेळासाठी घेतलेला माल दुकानाच्या नावे दाखवणे हा मात्र खोटा हिशोब होय.

‘बिनव्याजी हप्ते’ या पाटीवर भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सुनावले होते. व्याज बहुधा रोखीच्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपलेले असते. सूद टाळू इच्छिणाऱ्या वाचकांनी रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी मांडून पाहावी. दोन टप्प्यांच्या खरेदीत हप्त्याची गरजच उरत नाही.

खेळ वेगळा, जुगार वेगळा

वडीलधाऱ्यांची खरी भीती पैशाच्या खेळाची असते आणि ती रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. घरातही हीच रेघ ओढावी. खेळाच्या खात्यात बँकेचे कार्ड वा यूपीआय जोडून ठेवू नये. मशिन बैठकीच्या खोलीत ठेवावे. वेळ ठरवावा, आणि नमाज, अभ्यास व झोप यांच्या वेळा आधी बाजूला काढाव्यात.

जोडणीच्या दिवशी मुलांना बाजूला बसवू नये, स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याच हाती द्यावा. ज्याने स्वतः एक मशिन जोडले त्याला दुसरे जोडता येते, शेजाऱ्याचे साफ करता येते, दुकानाचे बंद पडलेले सुरू करता येते. त्या हुनरला वर्ध्यासारख्या शहरात गिऱ्हाईक आहे. खरेदीला निघताना खिशात तीन ओळींची चिठ्ठी असावी : कोणते काम, किती रक्कम, कोणता टप्पा. दुकानदार चौथी ओळ सुचवू लागला तर आभार मानून पुढच्या दुकानात जावे.